रमाबाईंचं कृपा सदन



‘कृपा’ हा शब्द आपल्याला काही नवा नाही. ट्रकच्या पाठीवर ‘आईची कृपा’ लिहिलेलं असतं. किराणा दुकानाचं नाव ‘गुरुकृपा’ असतं. कारंज्याच्या गुरुमंदिरातून परतलेल्या माणसाला कसं काय विचारलं, तर तो सांगतो, चाललंय महाराजांच्या कृपेनं. पण ही कृपा मिळते कोणाला, आणि ती मिळवायला आधी आपल्याला काही करावं लागतं का, यावर आपण कधी बसून बोलत नाही. आज मी ते एका बाईच्या आयुष्यातून सांगणार आहे. पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात केडगाव आहे. तिथे या बाईंनी एक घर काढलं आणि त्याला नाव दिलं ‘कृपा सदन’. त्या घरात कोण राहायच्या ते ऐकलं की हे नाव का दिलं ते कळतं. पण तिथपर्यंत यायला जरा वेळ लागेल. बाईंचं नाव पंडिता रमाबाई.

एक आधीच सांगते. मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी आजोबांपासून माळ आहे. बी.ए.ला असताना रमाबाईंचं नाव मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. विधवांसाठी शारदा सदन काढलं, एवढं लिहिलं की दोन गुण. त्या ख्रिस्ती झाल्या, हे वाक्य मात्र असं घाईघाईनं यायचं की जणू घरातली झाकून ठेवायची गोष्ट. पुढे स्वतःहून वाचत गेले तेव्हा लक्षात आलं, की ती गोष्ट बाजूला ठेवली तर त्यांनी पुढचं सगळं कशासाठी केलं हेच समजत नाही.

रमाचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळ नावाच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. बाईला देवभाषा शिकवली म्हणून लोकांचा रोष ओढवला, तर हा माणूस रानात आश्रम बांधून राहिला, पण शिकवणं सोडलं नाही. पुढे जवळचा पैसा संपला आणि घर सुटलं. तेव्हा रमा सहा महिन्यांची होती. वेताच्या पेटाऱ्यात घालून, एका माणसाच्या डोक्यावर देऊन तिला डोंगर उतरवला. त्यानंतर हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थांच्या वाटेवरच राहिलं. देवळात बसून पुराण सांगायचं, जे मिळेल त्यावर जगायचं आणि पुढच्या तीर्थाला निघायचं. रमाचा धडा पहाटे व्हायचा, आई तिला उठवून शिकवायची. भागवताचे 18,000 श्लोक या मुलीला पाठ होते.

आता इथे जरा थांबा. या कुटुंबाचा विश्वास काय होता? आपण पुण्य जमा करत गेलो की देव प्रसन्न होईल आणि दिवस पालटतील. म्हणून उपास केले, पवित्र नद्यांत स्नानं केली, जवळ होतं नव्हतं ते ब्राह्मणांना दान दिलं. दागिने गेले, चांगली वस्त्रं गेली, पितळेची भांडीसुद्धा गेली. यात खोटेपणा काही नव्हता. मनापासून, काटेकोरपणे केलं होतं सगळं. आणि मग 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. मजुरी करायची लाज, भीक मागायची लाज, अंगात फक्त विद्या. तिरुपतीजवळच्या जंगलात अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडपाला आणि रानातली खजुरं खाऊन काढले. वडील गेले. दीड-दोन महिन्यांत आई गेली. आईला स्मशानात न्यायला चार खांदेकरीसुद्धा मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. ती उंचीनं इतकी लहान होती की तिरडीचा दांडा खांद्यावर येईना, तिनं तो डोक्यावर घेतला. तीन मैल. पुढे मोठी बहीणही गेली.

दोघं भाऊ-बहीण उरली. म्हातारं होऊन थकावं इतकं ती दोघं लहान वयातच चालली. चार हजार मैलांवर पायपीट झाली असं रमाबाईंनी स्वतः सांगितलंय. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याची थंडी पडली, पांघरूण नाही. तेव्हा दोघांनी थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यात झोपले आणि डोकं तेवढं उघडं ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

1878 साली ती कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या पोरीची परीक्षा घेतली. ‘पंडिता’ म्हणाले, ‘सरस्वती’ म्हणाले. भाऊ 1880 मध्ये गेला. त्याच वर्षी तिनं बिपिनबिहारी मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी लग्न केलं, जातीबाहेर. मुलगी झाली, मनोरमा. 4 फेब्रुवारी 1882 ला नवरा पटकीनं गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. वय तेवीस, कडेवर लेकरू, कपाळ पांढरं. त्या अवस्थेत रमाबाई पुण्याला आल्या आणि आर्य महिला समाज काढला. या काळाबद्दल पुस्तकांत भरपूर लिहिलंय, म्हणून मी पुढे जाते.

कलकत्त्यात असताना रमाबाई धर्मशास्त्रं मुळातून वाचू लागल्या होत्या. त्यांनी नंतर लिहिलं, की ग्रंथाग्रंथांत मतभेद खूप, पण दोन बाबतींत सगळ्यांचं एकमत दिसलं. एक, बाईची जात मुळातच वाईट. दुसरं, तिला पुरुषासारखा मोक्ष नाही. नवऱ्याची सेवा कर आणि पुढचा जन्म चांगला मिळेल अशी वाट बघ. शूद्रांच्या वाट्यालाही तेच. आता माझं मत विचाराल, तर आपल्याकडे दुसराही आवाज होता. दळण दळणारी जनाबाई होती, देवळाबाहेर उभा राहिलेला चोखोबा होता, आणि त्यांनी देवाशी सरळ बोलणं केलं. पण रमाबाई वाढल्या त्या शास्त्र्यांच्या घरात, आणि त्यांच्या हातात पडले ते शास्त्रांचे ग्रंथ. जी बाई सगळ्यात जास्त शिकली, तिलाच सगळ्यात स्पष्ट कळलं की या हिशोबात आपलं खातंच उघडलेलं नाही.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी यायला लागल्यामुळे ते राहून गेलं. वाँटेज गावात ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्यांची राहायची सोय झाली होती. या सिस्टरांनी त्यांना एकदा लंडनजवळ फुलहॅमला आपलं एक घर दाखवायला नेलं. तिथे ‘वाट चुकलेल्या’ म्हणून समाजानं टाकलेल्या बायका होत्या. सिस्टर त्यांची सेवा करत होत्या, त्यांच्याशी मायेनं बोलत होत्या. आणि त्यातल्याच काही बाया सुधारून आता दुसऱ्या बायांची सेवा करत होत्या. रमाबाईंना हे नवीन होतं. अशा बाईला शिक्षा द्यावी, हे त्यांनी वाचलं होतं. तिच्या पाशी बसून तिची काळजी घ्यावी, हे कुठे वाचलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका सिस्टरनं त्यांना बायबलातली विहिरीवरच्या बाईची गोष्ट वाचून दाखवली.

ती गोष्ट आपल्या गावचीच वाटावी अशी आहे. भर दुपारी एक बाई एकटीच घागर घेऊन विहिरीवर येते. आता तुम्हीच सांगा, पाण्याला आपण दुपारी जातो का? सकाळी जातो, चौघीजणींबरोबर. दुपारी एकटी जाते ती, जिला चौघींची तोंडं चुकवायची असतात. असं गोष्टीत लिहिलेलं नाही, हा माझा तर्क आहे. तिचे पाच नवरे झालेले, आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवरा नाही. जातीनं ती शोमरोनी, आणि यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्यातलं पाणी पीत नसत. विहिरीवर येशू दमून बसलेला आहे. तो यहुदी. तो तिला म्हणतो, मला प्यायला पाणी दे.

कृपा या शब्दाचा ख्रिस्ती अर्थ काय, तो इथे दिसतो. तो आधी तिला सुधार म्हणत नाही. प्रायश्चित्त घे म्हणत नाही. तो स्वतः तिच्यापुढे ओंजळ करतो. ज्याला ख्रिस्ती माणसं देव मानतात तो बाटलेल्या बाईच्या घागरीतून पाणी मागतो, आणि मग तिच्याशी देवाबद्दल बोलत बसतो. तिचं सगळं त्याला माहीत आहे, आणि तरीही तो बोलतो आहे. ती बाई घागर तिथेच टाकून गावात धावत जाते. त्यांच्या धर्मात नम्रता सुरू होते ती देवापासून, माणसाची पाळी नंतर येते. म्हणूनच त्यांच्यातला पौल नावाचा जुना गुरू आपल्या पत्रांत परत परत लिहितो, की तारण आपल्या कर्मानं कमावलेलं नाही, ते दान आहे, तेव्हा कोणी छाती फुगवू नये. हा पौल स्वतः आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करत होता, त्यामुळे आपण ते कमावलं असं म्हणायची त्याला सोयच नव्हती.

29 सप्टेंबर 1883 ला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात खळबळ उडाली. गोष्ट इथे संपली असं पुष्कळांना वाटतं. खरं म्हणजे अर्धीच झाली होती.

नम्रता हा शब्द आपल्याला, बायांना, लहानपणापासून कोणत्या अर्थानं शिकवतात ते सांगायला नको. मान खाली, आवाज खाली, उलट बोलायचं नाही. चर्चच्या मोठ्या माणसांनाही रमाबाईंकडून साधारण तीच नम्रता हवी होती. पण या बाईंनी काय केलं पहा. इंग्लंडमध्ये राहून शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, माझ्या देशाची संस्कृत का नको, म्हणून वाद घातला. त्यांनी तरुण मुलांना शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा बिशपांनी हरकत घेतली, बाईनं पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिचं वजन राहणार नाही म्हणाले. रमाबाईंना ते फार लागलं. त्यांना आईसारख्या असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यांनी लांबलचक पत्रं लिहिली. मला देवानं बुद्धी दिली आहे, विवेक दिला आहे, मी आत्ताच एका पुरोहितशाहीचं जू उतरवून आले आहे, लगेच दुसरं मानेवर घेणार नाही, असा त्या पत्रांचा आशय आहे. सिस्टर बिचाऱ्या त्यांना गर्विष्ठ म्हणाल्या. मला तसं वाटत नाही. देवापुढे वाकलेली बाई दुसऱ्या कोणापुढे वाकायला तयार नसेल, तर तिला गर्विष्ठ म्हणायची घाई करू नये.

पण गर्वाची एक जागा त्यांच्यात होती, आणि ती त्यांनी स्वतःच नंतर दाखवून दिली. 1889 पर्यंत त्यांचं नाव जगभर झालं होतं. अमेरिकेत आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला त्या गेल्या, तिथे पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, पैसा उभा केला. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालेल्या आनंदीबाई कर्वे त्या याच. इतकं सगळं चाललं असताना आत काहीतरी रिकामं होतं. 1891 च्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं पुस्तक आलं. हा गृहस्थ वर्षानुवर्षं पाद्री होता, चर्चची कामं करत होता, आणि एके दिवशी व्यासपीठावर स्वतःचंच प्रवचन देता देता त्याच्या लक्षात आलं, की मी जे सांगतोय ते मलाच झालेलं नाही. रमाबाईंना तो आपलाच आरसा वाटला. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. धर्म बदलला, तरी वहीची सवय तीच राहिली होती. आधी तीर्थं आणि उपास जमेला धरायचे, आता विधवांची सेवा आणि धर्माचं ज्ञान. त्यांच्या आईवडिलांनी जे केलं तेच त्या नव्या नावानं करत होत्या. आपल्या हातात दाखवण्यासारखं काही नाही, आणि तरी आपल्याला घेतलंय, हे कबूल करणं त्यांना जड गेलं. पंडितेला तर जास्तच जड जाणार.

मला हे समजलं ते आपल्या गटामुळे. आपली पंचसूत्री पाठ आहे ना? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, लिहिलेला हिशोब. हे बरोबरच आहे, याच्याशिवाय गट चालत नाही. पण मी समन्वयक म्हणून इतकी वर्षं या वह्या तपासल्यात, की आता माणूसही मला रकान्यातच दिसायला लागला आहे. आमच्या एका गटातल्या ताईचे तीन हप्ते थकले. नवरा दवाखान्यात, सोयाबीन शेंगेतच गेलं. बैठकीत तिला काढायची भाषा निघाली, आणि सगळ्यात आधी नियम मीच वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी गटातली एक म्हातारी माझ्याकडे आली, पदराच्या गाठीतले पैसे काढले आणि म्हणाली, हे तिच्या नावावर टाक, माझं नाव लिहू नको. मी म्हटलं, मावशी, असं बिननावाचं जमा करता येत नाही. मावशी म्हणाली, मग तुझं तू बघ माय.

असो. परत रमाबाईंकडे येते.

शारदा सदन 1890 मध्ये पुण्याला आलं. तिथे 1893 मध्ये मोठा वाद पेटला. सदनात धर्माच्या बाबतीत कोणावर दडपण येणार नाही असं ठरलेलं होतं. पण रमाबाई आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली येऊन बसत. ‘केसरी’तून टीकेची झोड उठली. रानडे, भांडारकर यांच्यासारखी सुधारक माणसंही सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार लावून घेतलं नाही.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात पोरी-बाया रस्त्यावर मरत होत्या, त्यांना पळवणारी, विकणारी माणसं फिरत होती. रमाबाईंना स्वतःची भूक आठवली. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचं थैमान, शहरात एवढ्या मुली ठेवता येईनात, म्हणून केडगावला घेतलेल्या जमिनीवर झोपड्या-तंबू पडले. ती ‘मुक्ती’ची सुरुवात. त्याच प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात बायांची अब्रू सांभाळली जात नाही, हे त्यांनी वर्तमानपत्रात स्पष्ट लिहिलं. गव्हर्नरनं ते नाकारलं, तरी त्या मागे हटल्या नाहीत. त्यानंतर 1899-1900 चा दुष्काळ. तो आपल्या वऱ्हाडानंही भोगला. तेव्हा वाशिम ‘बाशिम’ या नावानं वऱ्हाडातला वेगळा जिल्हा होता. 1905 मध्ये तो अकोल्यात गेला आणि 1998 मध्ये आपल्याला परत मिळाला. रमाबाईंनी या वेळी गुजरातेतूनही मुली आणवल्या आणि मुक्तीत दीड-दोन हजार माणसं झाली. कोणाची जात विचारली नाही. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायांच्या हाती. गट म्हणून आपण आज जे करू बघतो, ते तिथे सव्वाशे वर्षांपूर्वी चालू होतं.

तिथे घरं वेगवेगळी होती. आंधळ्यांसाठी बर्तिमी सदन, म्हाताऱ्या आणि अपंगांसाठी प्रीती सदन. आणि ज्या बाया फसवल्या गेल्या, विकल्या गेल्या, ज्यांना गावानं ‘तसली’ म्हणून टाकलं, त्यांच्यासाठी कृपा सदन. फुलहॅमला पाहिलेलं घर रमाबाईंनी केडगावच्या माळावर आणलं, आणि त्याला नाव मात्र ‘सुधारगृह’ दिलं नाही. सुधारगृह म्हटलं की आत येणारी गुन्हेगार ठरते आणि दार उघडणारी चांगली ठरते. कृपा म्हटलं की दोघी एकाच ओळीत बसतात. आत येणारीला ती मिळते, आणि दार उघडणारीलाही ती आधी मिळालेलीच असते. शास्त्रांत नापास ठरलेली एक विधवा आणि समाजात नापास ठरलेली एक बाई, एवढाच काय तो फरक.

पण एक प्रश्न मला टोचतो, तो दडवत नाही. मुक्तीत आलेली मुलं ख्रिस्ती वळणातच वाढली. 1905 मध्ये तिथे मोठी धार्मिक लाट आली, रात्ररात्र प्रार्थना चालल्या. उपाशी लेकराला भाकरीबरोबर धर्मही दिला, तर ती भाकरी बिनशर्त राहिली का? टीकाकार तेव्हाही हेच विचारत होते, आणि प्रश्न खोटा नाही. माझं उत्तर अर्धवट आहे. ज्यांनी हा प्रश्न विचारला त्यांतल्या फार थोड्यांनी त्या पोरींना उचलून घरी आणलं होतं, हे एक. आणि कृपा फुकट असते असं मानणाऱ्यालाही ती देताना हात आखडता येतो, अट घालता येते, हे दुसरं. रमाबाई माणूसच होत्या.

अट कशी नकळत घातली जाते ते मला माहीत आहे. टाळेबंदीच्या काळात एका संस्थेकडून धान्याच्या पिशव्या आल्या होत्या. पिशवीमागे एक फोटो पाठवायचा होता. मी बायांना रांगेत उभं केलं, पिशवी हातात दिली, तोंडावरचा पदर बाजूला करा म्हटलं, इकडे बघा म्हटलं. एकीनं पदर काढला नाही. मी दोनदा सांगितलं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि गेली. तेव्हा मला राग आला होता, इतकं केलं तरी बाईला किंमत नाही म्हणून. तो फोटो काढताना माझा चेहरा कसा दिसत असेल, हे पुष्कळ उशिरा मनात आलं.

रमाबाईंचं शेवटचं काम त्यांच्या विद्वत्तेशी जोडलेलं आहे. त्या काळचं मराठी बायबल त्यांना संस्कृत शब्दांनी जड झालेलं वाटलं. केडगावच्या अडाणी बायांना ते कसं कळणार? म्हणून या बाईंनी मुळातल्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या आणि वर्षानुवर्षं बसून साध्या मराठीत भाषांतर केलं. जिला संस्कृत येतं म्हणून जगानं डोक्यावर घेतलं, तिनं तेच संस्कृत खाली ठेवलं. खिळे जुळवणाऱ्या, छपाई करणाऱ्या मुक्तीतल्याच बाया. 1919 मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. त्या मात्र शेवटपर्यंत साध्या पांढऱ्या सुती लुगड्यात राहिल्या. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती. रमाबाईंनी भाषांतराचं उरलेलं काम पुरं केलं, आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या.

त्याच काळातली आणखी एक बाई मला इथे आठवते, कारण तिची नम्रता हसरी आहे. लक्ष्मीबाई टिळक. नवरे नारायण वामन टिळक, कवी, 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडे गेल्या तरी सोवळं-ओवळं सोडेनात. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं पुस्तक 1934 पासून भागाभागानं आलं. त्यात त्यांनी स्वतःचा वेडेपणा, हट्ट, शिवाशिवीचे घोळ असे सांगितलेत की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. मोठेपणा कुठे नाही. वाचनालयात मिळालं तर गटात एकीनं मोठ्यानं वाचा, बाकीच्यांनी वाती वळा.

मुक्ती आजही केडगावला आहे. पुणे-सोलापूर रेल्वेवर स्टेशन लागतं. आपल्यातल्या कोणी तिकडे ऊसतोडीला जात असतील तर त्यांनी नाव ऐकलंही असेल.

आणि त्या थकलेल्या हप्त्यांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. मावशीनं दिलेले पैसे माझ्या कपाटात वहीच्या पानात तसेच आहेत. बुधवारी बैठक आहे. जमेच्या रकान्यात कोणाचं नाव लिहायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.